राखण्यासाठी कोरायचं : रिडक्शन लिनोकटच्या एका पुस्तिकेची प्रस्तावना

रिडक्शन लिनोकट शिकायला बसलेला माणूस पहिल्या दिवशी बहुतेक एकच चूक करतो. त्याला चित्रात पिवळं फूल हवं असतं, म्हणून लिनोवर तो फुलाची जागा जपतो आणि आजूबाजूचं कोरून टाकतो. एकरंगी ठशात हे बरोबरच आहे. शाळेत भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे उठवताना आपण तेच शिकलो होतो : जे उंच राहतं त्याला रंग लागतो, जे खोल जातं ते कागदावर कोरं राहतं. पण एकाच तुकड्यातून चार रंग काढायचे म्हटले की हिशेब उलटा होतो. पिवळा छापून झाला की पिवळं फूल ब्लॉकवरून कोरून काढावं लागतं, तरच ते पुढच्या केशरी-हिरव्याखाली गडप होत नाही. ज्याला राखायचं त्यालाच हत्यार लावायचं. ही गोष्ट डोक्याला लवकर समजते, हाताला उशिरा. ती हाताला समजावी एवढ्यासाठीच ही पुस्तिका लिहिली आहे.

बाटिक केलेल्यांना ही रीत ओळखीची वाटेल. कापड पिवळ्यात बुडवायचं, जिथे पिवळा हवा तिथे मेण लावायचं, मग लाल; लाल जिथे हवा तिथे पुन्हा मेण, मग काळपट रंग. तिथे मेणानं राखतात, इथे कोरून. फरक एवढाच, की शेवटी गरम पाण्यात मेण सुटतं आणि अख्खं कापड हाती उरतं. लिनोचा तुकडा मात्र प्रत्येक रंगागणिक कमी कमी होत जातो. शेवटच्या गडद रंगाच्या वेळी ब्लॉकवर उरतात त्या थोड्या सावल्या आणि काही रेघा. तेव्हा कोणी म्हणालं, ‘पहिल्या पिवळ्याच्या अजून चार प्रती काढा की,’ तर काढणार कशातून? इंग्रजीत या प्रकाराला गमतीनं ‘सुइसाइड प्रिंट’ म्हणतात. मला ते नाव भडक वाटतं. साबण वापरून झिजतो, त्याला कोणी आत्महत्या म्हणत नाही.

लिनो म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, कारण दुकानात त्या नावाखाली भलतंच गळ्यात पडतं. लिनोलियमचं पेटंट १८६३ साली फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज माणसानं घेतलं. नाव लॅटिन आहे. त्याचा अर्थ अळशी आणि तेल. आपल्याकडे जिची चटणी होते तीच ही अळशी, म्हणजे जवस. तिचं तेल हवेत घट्ट होऊ द्यायचं, त्यात राळ, बुचाचा भुगा आणि रंग मळायचे आणि गोणपाटासारख्या तागाच्या कापडावर त्याचा थर दाबून बसवायचा. हे सगळं झालं फरशीवर अंथरण्यासाठी. चित्रकारांचा विचार त्यात कुठेच नव्हता. त्यांना हे सापडलं ते नंतर, आणि आवडलं ते एका साध्या कारणानं : लाकडाला रेषा असतात, लिनोला नसतात. लाकडात हत्यार रेषेच्या कलानं पळतं आणि आडवं गेलं की अडतं. लिनोत ते वर, खाली, गोल, कुठेही सारख्याच जोरानं जातं. हल्ली फरशीसाठी मिळतं ते बहुतेक व्हिनाइल असतं, म्हणजे प्लास्टिक. घेताना वास घेऊन पाहा. खऱ्या लिनोला जवसाच्या तेलाचा वास येतो आणि पाठीला तागाचं विणकाम दिसतं.

स्वस्त आणि मऊ म्हणून लिनो शाळांमध्ये शिरला, आणि पोरांच्या हातातली वस्तू म्हणून बरीच वर्षं मोठ्यांच्या कलेत त्याला खालचा पाट मिळाला. पण या साधेपणातूनच मोठी कामं झाली. दांडीयात्रेच्या वर्षी, १९३०मध्ये, शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी काठी घेऊन निघालेले गांधीजी लिनोत कोरले. काळ्या जमिनीवर मोजक्या पांढऱ्या रेषा, बस्स. त्या पांढऱ्या रेषा म्हणजे हत्यारानं काढून टाकलेला लिनो, हे ध्यानात घेऊन ते चित्र पुन्हा पाहावं. १९४०च्या दशकात बंगालमधून मुंबईला आलेले चित्तप्रसाद अंधेरीत राहिले. त्यांनी राबणाऱ्या मुलांवर लिनोकटची मालिका केली. त्यात काळा आणि पांढरा सोडून तिसरा रंग नाही, आणि तो हवा होता असं बघताना वाटतही नाही.

हे सांगायचं कारण असं, की रिडक्शनकडे वळण्याआधी निदान पाच-सहा एकरंगी लिनोकट करा. एका रंगात ज्याला आकार सांभाळता येत नाही, त्याला चार रंग सावरून घेत नाहीत. उलट चार वेळा उघडं पाडतात.

बहुरंगी छपाईचा जुना राजमार्ग म्हणजे जितके रंग तितके ठसे. १७६५च्या सुमारास जपानमध्ये सुझुकी हारुनोबूच्या चित्रांपासून पुरती बहुरंगी लाकूडछपाई रुळली. तिथे प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी कोरत. आपल्याकडे राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली देवादिकांची चित्रं घरोघरी लागली ती अशीच, एकावर एक अनेक दगडांचे रंग चढवून. १९२०च्या दशकात लंडनच्या ग्रोव्हनर स्कूलमध्ये क्लॉड फ्लाइट लिनोकट शिकवत असे. त्याची बहुरंगी चित्रंही वेगवेगळ्या ब्लॉकांवरची. सिनेमाच्या तिकिटाच्या किंवा बिअरच्या ग्लासाच्या किमतीत माणसाला चित्र विकत घेता यावं, असं त्याचं स्वप्न होतं. या मार्गाचा फायदा उघड आहे : ठसे जपून ठेवले की दहा वर्षांनी पुन्हा छापता येतं. तोटाही तितकाच उघड : चार ब्लॉकांवरची चार रेखाटनं एकमेकांवर केसाइतकीही न हलता बसली पाहिजेत.

या तोट्यानं पिकासोही कावला. दक्षिण फ्रान्समधल्या व्हालोरिस गावी इदाल्गो आर्नेरा नावाचा मुद्रक होता. पिकासो त्याच्याकडे आधी कुंभारकामाच्या प्रदर्शनांची आणि बैलझुंजींची पोस्टरं लिनोवर छापून घेई. १९५८ साली त्यानं क्रानाख या जुन्या जर्मन चित्रकाराच्या एका स्त्रीचित्रावरून अनेक ब्लॉकांचा मोठा बहुरंगी लिनोकट केला आणि रंग जुळवता जुळवता दोघांची दमछाक झाली. पुढच्या वर्षापासून त्यानं एकाच ब्लॉकवर काम चालवलं : एक रंग छापायचा, तोच ब्लॉक आणखी कोरायचा, त्यावरच दुसरा रंग. तेव्हा तो सत्त्याहत्तरीत होता. ही रीत त्यानंच शोधून काढली असं सरसकट सांगतात. तेवढी ग्वाही मी देणार नाही. पण तिचा दबदबा त्याच्यामुळे झाला, हे खरं. त्याचं १९६२चं दिव्याखालचं स्थिरचित्र शक्य झालं तर जरूर पाहा. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये त्याचे टप्प्याटप्प्यानं काढलेले प्रूफही आहेत. पूर्ण झालेलं चित्र बघून शिकण्यापेक्षा, त्यातलं काय कोणत्या पायरीला नाहीसं झालं हे त्या प्रुफांवरून जास्त कळतं.

आता एक उदाहरण घेऊ. पुस्तिकेत पुढे हेच पायरीपायरीनं केलं आहे. दसऱ्याचं तोरण : पांढरा दोरा, पिवळे झेंडू, केशरी झेंडू, आंब्याची पानं आणि मागे गडद चौकट. कागदाच्या पांढऱ्यासकट पाच रंग, पण छपाया चारच, कारण पांढरा छापायचा नसतो. म्हणून सगळ्यात आधी, शाईचा डबा उघडण्यापूर्वी, दोरा कोरायचा. एकदा पिवळा फिरला की दोऱ्याचा पांढरा परत मिळत नाही. मग उरलेला अख्खा ब्लॉक पिवळा छापायचा. कागदावर नुसता पिवळा आयत आणि त्यात एक पांढरी नागमोडी रेघ दिसते. इथे नवशिक्याचा धीर सुटतो. चित्र कुठेच दिसत नाही. सुटू द्या. आता पिवळे झेंडू कोरून काढा आणि त्यावर केशरी. मग केशरी झेंडू काढा आणि त्यावर हिरवा. मग पानं काढा आणि शेवटी गडद तपकिरी. चौकट काळवंडली की तोरण एकदम पुढे येतं.

कागदावर हे असं सरळ दिसतं. प्रत्यक्षात तिसऱ्या पायरीला दगा होतो. केशरीवर हिरवा चढवला की पानं हिरवी होत नाहीत, शेणकुटासारखी होतात. एकमेकांविरुद्धचे रंग एकमेकांना मळवतात. फिक्याकडून गडदाकडे जायचं हा नियम खरा, पण खालचा रंग वरच्यातून डोकावतो हा त्याच्याहून मोठा नियम. यावर दोन उपाय आहेत. हिरव्यात थोडा पांढरा मिसळून तो झाकणारा करायचा; त्यानं मळ कमी होतो, पण पानं जरा पिठूळ दिसतात. किंवा केशरीच्या वेळी अख्खा ब्लॉक रंगवायचाच नाही. छोटा रोलर घेऊन फुलांपुरताच केशरी फिरवायचा, पानांच्या जागेवर कागदाचा तुकडा झाकून ठेवायचा. मग पानांचा हिरवा सरळ पिवळ्यावर बसतो आणि कोवळा, उजळ दिसतो. असे खोळंबे आधी कळावेत म्हणून ब्लॉकला हात लावण्यापूर्वी कागदावर रंगपट्टी करा : प्रत्येक रंग प्रत्येक रंगावर. अर्ध्या तासाचं काम आहे. मी शिकत असताना ते टाळलं आणि ज्या मोरपिशी रंगासाठी सगळा खटाटोप चालला होता, तो शेवटी राखाडी निघाला.

दुसरी मोजणी कागदांची. किती प्रती हव्यात ते पहिल्या रंगाच्या आधी ठरवायचं, कारण नंतर वाढवता येत नाही. बारा हव्या असतील तर अठरा कागद घ्या. अठरा कागदांवर चार रंग म्हणजे हातानं ७२ छाप. त्यात काही हलणार, काहींवर अंगठा उमटणार, एखाद्यावर केस चिकटणार. पैसे वाचवायला मी एकदा आठच कागद घेतले होते. तिसऱ्या रंगाला नीट जुळलेले तीन उरले, चौथ्याला एक फिसकटला. दोन प्रती हातात आणि अर्धा भुंडा ब्लॉक समोर. तेव्हापासून आधी कागद मोजतो, मग हत्यार काढतो. कागद फार जाड नको आणि फार खरखरीतही नको, नाहीतर चमच्यानं घासताना शाई खळग्यांत पोचत नाही. पुण्याच्या हातकागद संस्थेत १९४०पासून हातानं कागद तयार होत आला आहे. तिथे किंवा तुमच्या गावच्या दुकानात जाऊन दोन-तीन जाडीचे कागद आणा आणि एकाच ब्लॉकचा छाप त्या सगळ्यांवर घेऊन बघा.

प्रत्येक रंग नेमका जागेवर बसवणं, म्हणजे रजिस्ट्रेशन, याची लोकांना उगाच भीती वाटते. जपानी कारागीर फळीच्या कडेलाच दोन खाचा कोरत, एक कोपऱ्याची आणि एक सरळ, आणि दरवेळी कागद त्या दोन खाचांना टेकवत. आपल्यालाही तेवढंच करायचं आहे. एका जाड पुठ्ठ्यावर लिनोच्याच जाडीच्या दोन पट्ट्या काटकोनात चिकटवा. ब्लॉक दरवेळी त्या कोपऱ्यात बसेल. कागदासाठी तशीच दुसरी खूण करा. आणि एकदा छपाई सुरू झाली की तो पुठ्ठा, ती खूण, ब्लॉकची दिशा आणि कागदाची कड यांतलं काहीही बदलू नका. रजिस्ट्रेशन चुकतं ते बहुतेक मधेच कोणीतरी ‘सुधारणा’ केल्यामुळे. चित्र उलटं छापतं हेही याच वेळी आठवा. तोरणात अक्षरं असतील, अगदी ‘शुभ’ असेल, तरी आरशात पाहून काढा.

शाईबद्दल थोडं सविस्तर. तेलाची शाई जवसाच्याच तेलात घोटलेली असते. म्हणजे ब्लॉक आणि शाई एकाच बीची नातवंडं. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्याला वेळ लागतो, थर जाड असला की जास्तच. काचेवर शाई पातळ पसरा. रोलर फिरताना बारीक चुरचुर आवाज आला पाहिजे आणि शाई मखमलीसारखी दिसली पाहिजे. संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसली तर ती जास्त झाली आहे. तीच बारीक रेघा बुजवते आणि चौथ्या रंगापर्यंत कागदावर चकचकीत गुळगुळीत थर साचवते, ज्यावर नवी शाई बसत नाही, घसरते. दोन रंगांमध्ये निदान दोन-तीन दिवस जाऊ द्या. पावसाळ्यात आठवडा गेला तरी तक्रार करू नका. दमट हवेत शाई रेंगाळतेच, शिवाय कागद ओलावा ओढून किंचित पसरतो आणि कालची खूण आज जुळत नाही. म्हणून पहिलं चित्र ऑक्टोबरनंतर हाती घ्या. कोकणात राहत असाल तर हे दोनदा वाचा. घाटरस्त्यावर पाटी असते ना, ‘अति घाई संकटात नेई’, ती या कलेत टेबलासमोर लावायला हरकत नाही.

साफसफाईला रॉकेल वापरण्याची जुनी सवय आहे. तिची गरज नाही. घरचं गोडेतेल आणि चिंध्या पुरतात. मात्र नंतर साबणाच्या ओल्या फडक्यानं तेल पूर्ण काढा, नाहीतर पुढचा रंग ब्लॉकला धरणार नाही. आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगतो : जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि बोळ्याच्या आत ती साठत जाऊन चिंधी आपोआप पेटू शकते. पाण्यात भिजवा किंवा मोकळ्या पसरून वाळवा, मगच टाका. हत्यारांचं म्हणाल तर दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे. लिनो कडक झाला असेल तर दहा मिनिटं उन्हात ठेवा. मऊ लिनोत हत्यार ताब्यात राहतं. बोथट हत्यार धारदार हत्यारापेक्षा जास्त बोटं कापतं, कारण त्याला जोर द्यावा लागतो आणि जोर दिलेला हात घसरला की थांबत नाही.

या पुस्तिकेत काय नाही, तेही सांगतो. प्रेसवरची छपाई यात नाही; सगळं चमच्याच्या पाठीनं आणि बटरपेपरच्या तुकड्यानं होईल अशाच बेतानं आकार ठेवले आहेत. एचिंग, दगडछपाई, सिल्कस्क्रीन यांना हात लावलेला नाही. रंगशास्त्रही जेवढं चार रंगांना लागतं तेवढंच. वाचणारा माणूस नोकरी किंवा घर सांभाळून रविवारी दोन-तीन तास काढणारा असेल, असं धरून धडे पाडले आहेत : एका रविवारी एक रंग, मधला आठवडा वाळायला. म्हणजे तोरणाला चार रविवार लागतील. चित्रकला येत नाही म्हणून थांबू नका. इथे हात सफाईदार असण्यापेक्षा हिशेब नीट असणं जास्त कामी येतं. ज्यांनी आयुष्यभर घरखर्चाच्या वह्या लिहिल्या आहेत, अशी माणसं हे काम फार लवकर शिकताना मी पाहिली आहेत.

छाप वाळले की त्यांवर पेन्सिलीनं क्रमांक घालायचा असतो : डाव्या कोपऱ्यात ७/१२ असं काही, उजवीकडे सही. सातबारा म्हणून हसू नका. अर्थ साधा आहे, बारा प्रतींपैकी ही सातवी. एचिंग करणारे ठरलेल्या प्रती काढून झाल्या की प्लेटवर आडवी रेघ ओढून तिला बाद करतात, म्हणजे चोरून तेरावी कोणी काढणार नाही. रिडक्शनमध्ये ती रेघ ओढायची वेळच येत नाही. पिवळे झेंडू कधीच गेलेले असतात, केशरीही गेलेले असतात, पानं गेलेली असतात. बारा म्हणजे बाराच. त्याची हमी ब्लॉकच देतो.

तेव्हा कागद मोजून घ्या. हत्याराची धार अंगठ्याच्या नखावर तपासा. मग सगळ्यात आधी दोरा कोरा.